डोळ्यांतून पाणी, तरी डोळे कोरडे

आज आईला वाशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांतून सारखं पाणी येतंय, वाळू गेल्यासारखं खुपतंय म्हणत होती. निदान निघालं कोरडेपणाचं! अश्रूंवर तेलाचा पातळ थर असतो. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी तुंबल्या की तो नीट बनत नाही, ओलावा लवकर उडतो, डोळा चुरचुरतो आणि मग उलट पाणी वाहायला लागतं. रोज 5 ते 10 मिनिटं कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घडीचा शेक आणि प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेले थेंब सांगितलेत.

ऐरोलीत एसीमध्ये दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या मित्रांनो, स्क्रीन बघताना पापण्या मिटणं साधारण निम्म्यावर येतं. मध्येमध्ये लांब बघा, एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. आणि कळकळीने सांगते, मेडिकलमधून मनाने ड्रॉप्स आणू नका. त्यात स्टिरॉइड असलं तर काचबिंदू होऊ शकतो.