शिट्टीचा माग: तिसरा रविवार

गाडीच्या स्पीकरमधली शिट्टी गेली! मागचे दोन रविवार हात हलवत परतलो होतो, म्हणून नेमकं कुठे सापडलं ते नीट लिहून ठेवतो.

गाडी 2016 ची हॅचबॅक. पुढे कंपोनंट स्पीकर, डिकीत चार चॅनलचा अँप (ॲम्प्लिफायर), बॅटरीपासून त्याला 4 गेजची जाड केबल. इंजिन बंद असलं की आवाज स्वच्छ. इंजिन चालू केलं की ट्वीटरमधून, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमधून, बारीक शिट्टी, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तीही वर चढते. मुलुंडहून दादरला जाताना ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाणं बाजूला राहायचं, कान तिच्याच मागे.

ही अल्टरनेटरचीच, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचीच, यात शंका नव्हती. तो एसी (उलटसुलट वाहणारा करंट) बनवतो, आतले डायोड त्याचं डीसी (एकाच दिशेचा) करतात, पण थोडी लहर उरते. बारा पोलच्या (चुंबकी ध्रुवांच्या) अल्टरनेटरला एका फेऱ्यात अशा 36 लहरी. इंजिन 800 आरपीएमवर असेल आणि पुलीमुळे अल्टरनेटर अडीचपट फिरत असेल, तर होतात 1200 हर्ट्झ. कानाला बरोबर टोचेल अशी जागा. लहर सगळ्याच गाड्यांत असते. माझ्या गाडीत ती गाण्यात शिरते कुठून, एवढंच शोधायचं होतं.

पहिल्या रविवारी आरसीए केबल (स्टिरिओकडून अँपला गाण्याचा सिग्नल नेणारी) पॉवर केबलपासून सोडवून दुसऱ्या बाजूने नेली. सगळी सीटं काढली, अख्खा दिवस गेला, फरक शून्य. दुसऱ्या रविवारी अँपच्या आरसीए पिना काढून पाहिल्या, तर एकदम शांत. म्हणजे अँप निर्दोष. मग लॅमिंग्टन रोडवरून ग्राउंड लूप आयसोलेटर (आरसीएच्या वाटेत बसवायची, अर्थमधून येणारा आवाज अडवणारी डबी) आणून लावला. शिट्टी गेली, पण डग्ग्याची घुमही गेली. त्यातला छोटासा ट्रान्सफॉर्मर खालचे सूर पेलत नाही. तबला असा पोकळ ऐकण्यापेक्षा शिट्टी बरी, म्हणून काढून टाकला. पण गडबड अर्थिंगची, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परततो त्या जोडाची, आहे हे त्यानेच सांगितलं.

इथे माझी चूक झाली होती, ती मुद्दाम सांगतो. अँपची अर्थ मी आधीच तपासली होती: मल्टीमीटर ओहमवर, 0.3 दाखवत होता. ठीक आहे म्हणून सोडून दिलं. पण मीटरच्या वायरीच तेवढा रेझिस्टन्स दाखवतात! अर्थ तपासायची तर करंट वाहत असताना व्होल्ट मोजायचे.

काल भाच्याला ड्रायव्हर सीटवर बसवलं. सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये इंजिन चालू, गाणं जोरात. मीटरचं एक टोक लांब वायर लावून बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अँपच्या अर्थ टर्मिनलला.

"मामा, रेस देऊ?"

"दे, हळूहळू."

0.6 व्होल्ट! अर्थ चांगली असती तर इथे जेमतेम काही शतांश दिसायला हवे होते. अँपचा करंट अर्थच्या बोल्टातून नीट परतत नव्हता, म्हणून त्यातला काही आरसीएच्या शील्डमधून (केबलच्या बाहेरच्या जाळीतून) स्टिरिओकडे वाट काढत होता. लहरही त्याच वाटेने गाण्यात.

ज्याने फिटिंग केलं त्याने अर्थ वायरची थिंबल (टोकाची धातूची कडी) मागच्या सीटच्या बोल्टाखाली, रंगावरच आवळली होती. वर मुंबईचा पावसाळा: डिकीचं रबर थोडं सुटलेलं, कार्पेटखाली ओल, बोल्टाभोवती तांबूस गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी थिंबल क्रिम्प केली, दातेरी वॉशर घातला, घट्ट आवळून वरून रंग मारला. वायरही कापून जेमतेम वीतभर ठेवली.

पुन्हा मोजलं: 0.04. भाच्याने 3000 पर्यंत रेस दिली आणि मी ट्वीटरला कान लावून बसलो. काहीच नाही. त्याला दोनदा विचारलं, स्टिरिओ चालू आहे ना?

अगदी कान लावला तर हलकी सूं-सूं ऐकू येते, पण ती इंजिन बंद असतानाही आहे. अँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) जास्त ठेवलाय, तो खाली आणायचा. त्याआधी डिकीचं रबर बदलणार, नाहीतर पुढच्या जुलैत हाच बोल्ट पुन्हा घासावा लागेल.