तुम्ही विचारलंत म्हणून: बँडचं नेमकं काय ऐकावं?

सुट्टीत साताऱ्याला घरी आलो की हा प्रश्न ठरलेला. "तू तिकडे अमेरिकेत बँडमध्ये वाजवतोस ना, मग आम्ही काय ऐकावं? तुझं सगळ्यात आवडतं कोणतं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात असते, गणपतीची मिरवणूक असते, फार तर २९ जानेवारीला दिल्लीत होणारं बीटिंग रिट्रीट. वाद्यं बहुतेक तीच आहेत: क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, ड्रम. मी वाजवतो ते युफोनियम, म्हणजे खालच्या सुरांचं एक पितळी वाद्य, आणि तेही आपल्याकडच्या ब्रास बँडमध्ये दिसतं. अमेरिकेतल्या आमच्या गावाचा बँड मात्र खुर्च्यांवर बसून, समोर हातानं ताल दाखवणाऱ्या कंडक्टरकडे लक्ष ठेवून वाजवतो, आणि जे वाजवतो त्यातलं पुष्कळसं खास अशाच बँडसाठी लिहिलेलं असतं. व्हायोलिनं नाहीत. जवळजवळ सगळा नाद माणसांच्या श्वासातून निघतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो: पर्सी ग्रेंजरची 'लिंकनशायर पोझी'. पण ऐकायला सुरुवात तिथून करू नका. आधी होल्स्ट ऐका.

इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्ट 'द प्लॅनेट्स' या ऑर्केस्ट्राच्या रचनेमुळे जगाला माहीत आहे. बँडवाले त्याला ओळखतात ते १९०९ च्या 'फर्स्ट सुइट इन ई फ्लॅट'मुळे. सुइट म्हणजे छोट्या भागांची मिळून एक रचना. त्या काळी बँडनं वाजवायचं म्हणजे मुख्यतः मार्च, नाहीतर ऑपेरा आणि ऑर्केस्ट्राच्या संगीताची बँडसाठी केलेली रूपांतरं. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलेला माणूस. फुंकणाऱ्याला काय जमतं आणि काय शोभतं, हे त्याला अंगानं माहीत होतं. सुइटचा पहिला भाग शाकॉन. आठ बारची (बार म्हणजे तालाचं एक माप) एक धून पुन्हा पुन्हा येत राहते आणि तिच्याभोवतीचं संगीत बदलत जातं. तबल्याच्या सोलोखाली लहरा फिरत असतो ना, तसं. सुरुवातीला ही धून फक्त खालच्या सुरांची पितळी वाद्यं, ट्यूबा आणि युफोनियम, वाजवतात. ज्यांनी एरवी खालून आधार द्यायचा, त्यांच्याच हाती होल्स्टनं सगळा पाया सोपवला आहे. मग ती वरच्या वाद्यांकडे जाते, मध्येच उलटी होते, म्हणजे चढणारे सूर उतरतात आणि उतरणारे चढतात, तेव्हा सगळं अंधारून येतं. तिथून पुन्हा हळूहळू चढत पूर्ण बँडचा जो नाद उसळतो, तो वाजवताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. पुढचे दोन्ही भाग याच धुनेच्या सुरांमधून उगवले आहेत, म्हणून तिन्ही भाग न थांबता वाजवावेत असं होल्स्टनं सांगून ठेवलं आहे.

याच होल्स्टनं त्या वर्षांत संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं केली आणि त्यांना संगीत दिलं. १९०८ मध्ये त्यानं 'सावित्री' नावाचा एकअंकी ऑपेरा लिहिला. आपली वटपौर्णिमेचीच गोष्ट, पात्रं तीनच: सावित्री, सत्यवान आणि यम. हे सांगितलं की घरचे लोक लगेच विचारतात, मग त्या सुइटमध्ये काही आपलं आहे का? नाही, तिथे शोधू नका. पण ऑपेरात मोजकेच वादक आणि सुइटमध्ये आठ बारची एक धून, एवढ्याशा सामानात एवढं मोठं उभं करण्याची ताकद दोन्हीकडे सारखीच आहे.

त्याचा १९११ चा 'सेकंड सुइट' इंग्लंडच्या लोकधुनांवर बांधलेला आहे. पहिल्या भागात 'स्वान्सी टाउन' ही धून एकटं युफोनियम गातं, आणि जगभरचे युफोनियमवाले त्या ओळीवर जीव टाकतात. मीही टाकतो.

आता ग्रेंजर. जन्म मेलबर्नचा, १८८२ चा. नावाजलेला पियानोवादक. १९०५-०६ मध्ये तो इंग्लंडच्या लिंकनशायर भागात हिंडून म्हाताऱ्या गायकांकडून लोकगीतं गोळा करत होता, आणि १९०६ मध्ये त्यानं सोबत फोनोग्राफ नेला. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज उमटवणारं यंत्र. कानानं टिपून घेणारा माणूस नकळत गाणं नीटनेटकं करतो: ताल सरळ करतो, लांबलेला सूर कापतो. यंत्र तसं करत नाही. जोसेफ टेलर नावाचा सत्तरी ओलांडलेला एक गायक होता. तो कुठे रेंगाळतो, कुठे झटका देतो, कुठे दम घेतो, हे ग्रेंजरनं पुन्हा पुन्हा ऐकून जसंच्या तसं लिहून काढलं. पुढे १९३७ मध्ये मुख्यतः अशाच गाण्यांमधून सहा भागांची त्यानं बँडसाठी 'लिंकनशायर पोझी' केली आणि ती त्याच गायकांना अर्पण केली. प्रत्येक भाग हे गाण्याइतकंच ते गाणाऱ्याचंही चित्र आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

ही रचना मला सगळ्यात वर का वाटते, तर त्या माणसांचा श्वास तीत अजून शाबूत आहे. 'रफर्ड पार्क पोचर्स' हा भाग टेलरनं गायलेल्या गाण्यावरचा. चोरून शिकार करणारे आणि रखवालदार यांच्या रात्रीच्या मारामारीची ही कथा. बारची लांबी सारखी बदलते. चार, पाच, पुन्हा चार असं मोजत बसलो की आम्ही अडखळतो, आणि गाणारा माणूस डोळ्यांसमोर आणला की बोटं आपोआप चालतात. 'लॉर्ड मेलबर्न'मध्ये तर काही ठिकाणी ठरलेला तालच नाही. कंडक्टर हात उचलेल तेव्हा सूर सोडायचा, तो म्हणेल तोवर धरायचा. आणि 'हॉर्क्स्टो ग्रेंज'! संथ, जड, मध्ये एकट्या ट्रम्पेटची ओळ. त्यातली लांब ओळ पुरी करायला बँडमधले लोक आळीपाळीनं, एकमेकांच्या नकळत श्वास घेतात. ऐकणाऱ्याला नाद कुठेही तुटलेला जाणवत नाही. इतक्या माणसांनी मिळून एकच दम धरायचा, हे दुसऱ्या कुठल्या संगीतात मला मिळालेलं नाही.

कारेल हुसाची 'म्युझिक फॉर प्राग १९६८' मी सहज लावून ऐकत नाही. हुसा मूळचा प्रागचा, अमेरिकेत शिकवणारा. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे आपल्या शहरात शिरल्याच्या बातम्या त्यानं न्यूयॉर्क राज्यातल्या एका सरोवराकाठी रेडिओवर ऐकल्या, आणि इथाका कॉलेजच्या बँडसाठी ही रचना लिहिली. सुरुवातीला एकटा पिकोलो, म्हणजे छोटी, तीव्र सुराची बासरी, पक्ष्यासारखा बोलतो. एक संपूर्ण भाग फक्त तालवाद्यांचा आणि घंटांचा आहे. पंधराव्या शतकातलं एक झेक युद्धगीत सुरुवातीपासून तुकड्यातुकड्यांनी डोकावतं, आणि अगदी शेवटी सगळा बँड ते एकाच सुरात वाजवतो, स्वरसंगतीचा आधार न घेता. १९९० मध्ये, तिथली राजवट गेल्यावर, हुसानं प्रागमध्ये जाऊन ही रचना स्वतः कंडक्ट केली.

पॉल हिंडेमिथ या जर्मन संगीतकाराची बँडसाठीची १९५१ ची सिम्फनी फार पक्की बांधलेली आहे. तिचा मी आदर करतो, पण स्वतःहून लावत नाही. याउलट मोझार्टच्या 'ग्रान पार्टिता'चा तिसरा भाग कधीही, कितीही वेळा. बारा फुंकवाद्यं आणि एक डबल बास. ओबो या सनईसारख्या वाद्याचा एक सूर वर उमलतो आणि क्लॅरिनेट तो हातातून घेतं.

कुणाचं वाजवलेलं ऐकायचं, तर कंडक्टर फ्रेडरिक फेनेलच्या ईस्टमन विंड एन्सेम्बल या अमेरिकन वाद्यवृंदाचं. १९५२ मध्ये त्यानं हा संच उभा केला तो एका ओळीला एकच वादक या तत्त्वावर, त्यामुळे प्रत्येक वाद्य वेगळं, स्वच्छ कानावर येतं. होल्स्ट आणि ग्रेंजर दोन्ही त्यांनी ध्वनिमुद्रित केले आहेत. फक्त फोनच्या स्पीकरवर नका लावू, चांगले हेडफोन घ्या. फोनवर ट्यूबा आणि युफोनियम जवळजवळ ऐकूच येत नाहीत, आणि शाकॉनच्या पहिल्या आठ बारमध्ये दुसरं कुणी वाजवतच नाही.