बाबांचं गास्पार दियाश

रविवार, रात्री

मोतीबिंदू काढल्यापासून बाबांना सगळं लांबचंच बघायचं असतं. आज म्हणाले, चल, दर्यावर. पणजीच्या बसस्टँडवर कंडक्टर ओरडत होता, "मिरामार, दोनापावल, मिरामार!" बाबांनी पायरीवर पाय ठेवून त्याला विचारलं, "गास्पार दियाशाक वता मरे?" पोरगा बघतच राहिला. मागे लाईन खोळंबलेली. मी दोन तिकिटं काढली आणि त्यांना आत ढकललं.

बाबा पोर्तुगीज काळात सेगुंद ग्राव, म्हणजे तेव्हाची प्राथमिक शाळा, शिकलेले. त्यांच्या तोंडात मिरामार बसतच नाही, जुनं गास्पार दियाशच येतं. गास्पार दियाश नावाचा कोणी जमीनदार, त्याच्या जागेत किल्ला. पलीकडच्या काठावर रेईश मागूशचा किल्ला, इकडे हा. दोघांनी मिळून मांडवी नदीचं तोंड राखायचं. १८३५च्या बंडात हा किल्ला जळाला. रेईश मागूश आहे, आग्वाद आहे, याचा मात्र मागमूस नाही. नाव तेवढं टेनिस क्लबाच्या पाटीवर उरलंय. बाबा ती पाटी दरवेळी मला नव्याने दाखवतात.

ओहोटी होती. सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत चालता चालता माझे पाय भरून आले. ओल्या वाळूत बारक्या कुर्ल्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातली होती. आपण थांबलो की त्या बिळातून बाहेर येतात, पाऊल हललं की गायब. बाबा चप्पल हातात धरून दहा मिनिटं नुसते उभे. शेजारी एक टुरिस्ट कुटुंब सेल्फी काढत त्या रांगोळीवरूनच चालत गेलं. मला राग आला, बाबा म्हणाले, "भरती येतलीच."

परत येताना भाऊसाहेब बांदोडकरांच्या, गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांच्या आणि मराठीच्या कैवाऱ्याच्या, समाधीपाशी थांबलो. भाऊ गेले ते १२ ऑगस्ट १९७३ला. बाबांनी हातातली चप्पल खाली ठेवली, हात जोडले, मग पुन्हा उचलली. घरात कोकणी बोलायची आणि पत्रं मराठीत लिहायची, या आमच्या रिवाजावर कोणी टोकलं की बाबा भाऊंचंच नाव पुढे करतात. आज काही बोलले नाहीत. भेळ मात्र मागितली, तिखट जास्त घालून, आणि आईला सांगायचं नाही अशी अट.

बस कांपालवरून पुढे आली तेव्हा मांडवीतल्या कॅसिनोंचे दिवे पेटले होते. जांभळे, हिरवे, पाण्यात लांबच लांब ओघळलेले. बाबांनी खिशातून डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा काढला आणि रात्री साडेसातला, भरल्या बसमध्ये, डोळ्यांवर चढवला.