श्रूझबरीचं अ‍ॅबट्स हाउस: टूरचे पैसे वाचवा, मान वर करून बघा

"घर आतून दाखवू" असं सांगून आमच्याकडून माणशी पंधरा पौंड घेतले आणि बुचर रो या गल्लीच्या कोपऱ्यावर पाच मिनिटं उभं करून पुढे नेलं. आत पाऊलही नाही! अ‍ॅबट्स हाउस हे म्युझियम नाही. बाहेरून बघायला तिकीट लागत नाही, त्यामुळे टूर घेऊच नका.

पुणेकरांना श्रूझबरी हे नाव बिस्किटांमुळे ठाऊक असतं. पण इंग्लंडातल्या या गावात जायचं ते जुन्या लाकडी घरांसाठी. लिलेशल या ख्रिस्ती मठाने १४५० च्या दशकाच्या शेवटी अ‍ॅबट्स हाउस बांधलं, तेच मुळी खाली दुकानं ठेवून. त्या जुन्या दुकानांच्या लाकडी चौकटी अजून शाबूत आहेत, आणि इंग्लंडात हे फार दुर्मिळ आहे. त्या काळी दुकानाची फळी खाली पाडली की तिचंच काउंटर व्हायचं. गिऱ्हाईक रस्त्यातच उभं राहून सौदा करायचं.

आता मान वर करा. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला दिसेल. मजल्याच्या कड्या (आडवी लाकडं) भिंतीबाहेर काढून त्यांच्या टोकांवर पुढची भिंत उभी केली आहे. अशा घराच्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंच्या कड्या एका तिरक्या तुळईत येऊन मिळतात आणि ती तुळई कोपऱ्यातल्या जाड खांबावर बसते. या खांबावरचं कोरीवकाम हातभर अंतरावरून बघा. मी तिथून हलायलाच तयार नव्हतो.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना मात्र भुलू नका. इंग्लंडात लाकडाला काळं फासणं ही बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली हौस. मूळ ओक राखाडी पडत जायचं.

हाय स्ट्रीटवरचं आयर्लंड्स मॅन्शन (साधारण १५७५, लोकरीच्या व्यापाऱ्याचं) सगळे फोटोत दाखवतात. दर्शनी भाग भव्य आहे, पण तळमजल्यावर आताची दुकानं. रस्त्यापलीकडून दोन मिनिटं पुरे.

इंग्लिश ब्रिजकडून येऊ नका. वाइल कॉपचा चढ सामान घेऊन चढताना अक्षरशः दम काढतो. आम्ही वर पोचलो तेव्हा बघायची ताकदच उरली नव्हती. रेल्वेने या, स्टेशनवरून कॅसल स्ट्रीटने वर चढा आणि प्राइड हिल लागताच डावीकडे बुचर रोमध्ये वळा. गल्ली अरुंद असल्याने आख्खं घर एका फोटोत मावत नाही, तेव्हा वाइड लेन्स ठेवा. सकाळी लवकर गेलात तर माल उतरवणाऱ्या गाड्या आडव्या येतील. दुकानं उघडल्यावर तासाभराने जा.