ओलावा

"भाऊ, तू शिकेल दिखस. मंग आठे काय करी ऱ्हायना?"

अमळनेरकडच्या एका काकांनी आज विचारलं आणि मला उत्तर सुचलंच नाही.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर असतो. महिन्याला नऊ हजार. काकांच्या ट्रॉलीत ओलावा मोजायचं मीटर खुपसलं, आकडा आला 14. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळसुद्धा 8 टक्के ओलाव्यापर्यंतच पूर्ण हमीभाव देते आणि 12 च्या वर कापूस घेतच नाही. आमच्या खासगी जिनिंगलाही आकडा चढला की भाव कापतात.

"वर दव शे भाऊ, खालना देख ना."

ट्रॉलीवर चढलो. खांद्यापर्यंत हात घालून खालचा कापूस काढला. तो भरला 11.

काकांनी विचारलं, या डबीला ओलावा कळतो कसा? सांगितलं, ओल्या कापसातून वीज सहज वाहते, कोरडा तिला अडवतो, त्यावरून आकडा ठरतो. बीएस्सीला शिकलेला रोध, पदवीनंतर पहिल्यांदाच कुणाला तरी समजावला. काका मान हलवत ऐकत होते. मग तो प्रश्न आला.

फेब्रुवारीत जॅम आहे, एमएस्सीची प्रवेश परीक्षा. हे सांगायला हवं होतं. पण मागे सात गाड्या उभ्या होत्या, आणि खरं सांगायचं तर, दिवसभर उभं राहून आल्यावर रात्री पुस्तकाची दोन पानंही होत नाहीत, हे मला आतून टोचत होतं.

शर्टाच्या बाहीला अजून कापूस चिकटलाय.

तुमच्यापैकी कुणी असं मधलं वर्ष काढलंय का? रात्री अभ्यासाला कसे बसायचात?