पी = ४, अर्धगोल, नॉयमान कड: आकडा एकदाचा थांबला

मागच्या नोंदीत गाडी कुठे अडली होती ते आठवत असेलच. प्रश्न असा: अर्धगोलाच्या पृष्ठावर पी-लाप्लासियनची (नेहमीच्या लाप्लासियनचं अरेषीय रूप, पी = २ ला नेहमीचाच) पहिली शून्य नसलेली आयगेनव्हॅल्यू, म्हणजे लॅम्डा, काढायची; कडेवर नॉयमान अट, म्हणजे कडेला काटकोनातला उतार शून्य. पी = २ ला कोड निमूटपणे २ देत होता आणि पी वाढवला की लॅम्डा घसरगुंडीवर बसत होती. आता पी = ४ ला उत्तर २.०६ आणि २.०७ च्या मधे थांबलंय. जाळी बारीक केली, सुरुवातीचं फलन बदललं, तरी तिथेच.

सगळा त्रास नॉयमान अटीचा. डिरिश्ले अटीत कडेवर फलनाचं मूल्य शून्य बांधलेलं असल्याने फलनाला पळायला जागा नसते. नॉयमानमध्ये स्थिर फलन कायम टपलेलं असतं, कारण त्याची लॅम्डा शून्य. पी = २ ला दर फेरीत सरासरी वजा केली की ते दूर राहतं. पी = ४ ला मात्र फलनाच्या घनाचं इंटिग्रल शून्य लागतं. ही अट रेषीय नाही, त्यामुळे प्रोजेक्शनची सोय गेली. सरासरीच वजा करत बसलं तर भलताच प्रश्न सुटतो. त्यातही वाईट म्हणजे उजव्या बाजूचं इंटिग्रल शून्य नसेल तर पुढच्या पायरीचं समीकरण सुटूच शकत नाही. न्यूटन पद्धत फिरत राहते, रेसिड्युअल (समीकरणात उरलेली चूक) एका आकड्यावर येऊन अडतो आणि आपण विनाकारण सॉल्व्हरच्या सेटिंगमध्ये खुडबुड करत बसतो.

घसरण ओळखायला गणितज्ञ व्हाल्टोर्ताचा २०१२चा अंदाज (लॅम्डाची खालची मर्यादा) फार कामाला आला. रिची वक्रता (पृष्ठ किती वळलंय याचं माप) ऋण नाही आणि कड बहिर्वक्र आहे, एवढ्यावर तो सांगतो की लॅम्डा किमान (पी − १) गुणिले (पाय-पी भागिले व्यास) याचा पी-वा घात असते. पाय-पी हे पायचं पी-नुसार बदलणारं रूप; पी = ४ ला ते पाय भागिले वर्गमूळ २, आणि एकक अर्धगोलाचा व्यास (पृष्ठावरून मोजलेलं सर्वात मोठं अंतर) पाय. म्हणजे तळ नेमका ०.७५. छतही फुकटात मिळतं: कडेच्या प्रतलातला एक्स हा निर्देशांकच रॅले गुणोत्तरात (उताराच्या चौथ्या घाताचं इंटिग्रल भागिले फलनाच्या चौथ्या घाताचं) घातला की ८/३. लॅम्डा ०.७५ च्या खाली दिसली की पुढचं काही न बघता रन मारून टाकायचा. पी-लाप्लासियन करणाऱ्या प्रत्येकाने ही एक ओळ कोडमध्ये टाकावीच.

सुटका झाली ती अगदी शाळकरी बीजगणिताने. प्रत्येक पायरीनंतर नवं फलन स्थिरांकापुरतं मोकळंच असतं. तो स्थिरांक, त्याला क म्हणू, असा निवडायचा की (फलन − क) च्या घनाचं इंटिग्रल शून्य होईल. घन उलगडला की क मधलं साधं तिसऱ्या घाताचं समीकरण उरतं. सहगुणकांना क्षेत्रफळ आणि फलनाच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या घाताची इंटिग्रलं पुरतात. डावी बाजू क वाढवला की सतत उतरते, म्हणून मूळ एकच. आणि तोच क चौथ्या घाताचं इंटिग्रलही सगळ्यात लहान करतो, म्हणजे रॅले गुणोत्तराच्या छेदात नेमकं जे हवं तेच! पी = ३ ला निरपेक्ष मूल्य मधे येतं, तिथे दुभाजन पद्धत वापरा. थोडी हळू, पण चालते.

आकडा थांबला म्हणजे बरोबर आला असं नाही, म्हणून पडताळणी. अर्धगोलाला त्याचं आरशातलं प्रतिबिंब चिकटवलं की पूर्ण गोल. तिथे फलन चिन्ह बदलतं, आणि धन-ऋण भागांपैकी एकाचं क्षेत्रफळ निम्म्याहून जास्त नसतं. गोलावरची फेबर–क्रान असमानता सांगते की त्या भागाची डिरिश्ले लॅम्डा अर्धगोलाच्या डिरिश्ले लॅम्डापेक्षा कमी नाही. उलट बाजूने, अर्धगोलाचं डिरिश्ले फलन आडवं करून विषम पद्धतीने (दुसऱ्या अर्ध्यावर चिन्ह उलटं करून) पसरवलं की नॉयमानचं फलन तयार. म्हणजे दोन्ही लॅम्डा सारख्याच, आणि अख्खा प्रश्न ध्रुवापासून मोजलेल्या एका कोनात मावतो. मग वही काढली. कोसाइनपासून सुरुवात, गुणोत्तर ८/३. एका पायरीत उताराचा घन साइन गुणिले (१ + कोसाइनचा वर्ग) असा सुटसुटीत निघतो आणि छत २.०८ पर्यंत खाली येतं. दुसऱ्या पायरीत जवळपास २.०६५. द्विमितीय कोड आणि वही एकाच ठिकाणी आले. संध्याकाळ सार्थकी लागली.

आता जाळीबद्दल. नॉयमान फलनाची दोन्ही टोकं, कमाल आणि किमान, बरोबर कडेवर येतात. तिथे ग्रेडियंट शून्य, आणि त्याच्या जवळ उतार अंतराच्या घनमुळासारखा वाढतो, म्हणजे दुसरा विकलज अनंत. वर्गीय घटक वापरून तिथे काही मिळत नाही. साधे रेषीय घटक घ्या आणि त्या दोन बिंदूंभोवती जाळी दाट करा. ग्मश या जाळी बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे सहज जमतं. एप्सिलॉन (ग्रेडियंट शून्य होतो तिथे समीकरण बिघडू नये म्हणून मिसळलेला छोटा आकडा) लहानच ठेवा, आणि पी २ पासून हळूहळू वर न्या. थेट ४ वर उडी नको. स्लेपसी या आयगेनव्हॅल्यू काढणाऱ्या लायब्ररीचं नॉनलिनिअर मोड्यूल इथे कामाचं नाही. ते लॅम्डामध्ये अरेषीय असलेल्या प्रश्नांसाठी आहे, आपली अरेषीयता फलनात आहे.

पुढे डंबेलचा आकार घ्यायचं ठरवलं होतं: दोन टोप्या आणि मधे बारीक मान. मान अरुंद होत गेली की लॅम्डा शून्याकडे जाते, व्यास तेवढाच राहतो, आणि कड बहिर्वक्र असण्याची अट का लागते ते डोळ्यांना दिसतं. पण हे लिहिताना दुसरंच सुचलं. व्हाल्टोर्ताच्या तळाचं पी-वं मूळ काढलं तर पी अनंताकडे जाताना ते २ भागिले व्यास होतं, कारण पाय-पी २ कडे जातो. अर्धगोलाच्या खऱ्या लॅम्डाचं पी-वं मूळही तिथेच जायला हवं: डिरिश्लेत ती मर्यादा १ भागिले आतल्या सर्वात मोठ्या चकतीची त्रिज्या, म्हणजे इथे २ भागिले पाय, सुमारे ०.६३७. सध्या पी = ४ ला तळाचं चौथं मूळ ०.९३ आणि खऱ्याचं १.२०. ही फट पी = ८, १६ ला किती मिटते ते बघायचंय, आणि ते एकमितीय कोडमध्येच होईल. तेव्हा डंबेल मागे. पी = १६ ला पंधराव्या घाताची इंटिग्रलं येणार, तिथे क शोधताना आकडे ओव्हरफ्लो होऊ नयेत म्हणून फलन आधी कमाल मूल्याने भागून घेणार आहे. याहून बरी युक्ती कोणाकडे असेल तर सांगा.