शुक्रवारचा शेवटचा तास
(एसएसएलसी म्हणजे शालान्त परीक्षा, १९७१ ची तुकडी)

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मी म्हटलं, बँकेत जन्म गेलेला माणूस मी. व्हाउचरच्या पाठीवर शेरा मारण्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. पलीकडून उत्तर आलं, "मग शेराच मारा की वो." तेव्हा हा लांबलेला शेरा. शाळेची कौलं, पाण्याची टाकी, छड्या यांवर बाकीचे लिहितीलच. मला एका तासावर लिहायचं आहे.

नागरिकशास्त्राचे आमचे सर वेंगुर्ल्याकडचे. आंबोली घाट चढून पोटासाठी बेळगावात आले, पण जीव खाली राजापूर मतदारसंघातच अडकलेला. कारण समाजवादी नेते बॅरिस्टर नाथ पै. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तिन्ही वेळा तिथून लोकसभेवर गेलेले, जन्मानं वेंगुर्ल्याचे आणि शिक्षणानं बेळगावचे. सर रागावले की मालवणीत शिरायचे आणि नाथ पैंचं नाव निघालं की एकदम छापील मराठीत यायचे. त्यामुळे ते तोंड उघडायच्या आत आज काय वाढून ठेवलंय ते वर्गाला कळत नसे, पण पहिल्या वाक्याला कळायचं.

२१ जुलै १९६९, सोमवार. माणूस चंद्रावर उतरलेला. आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं. सरांनी फळ्याच्या एका कोपऱ्यात खडूनं चंद्र काढला, म्हणाले, "हा झाला तुमचा." मग उरलेल्या अख्ख्या फळ्यावर चौदा बँकांची नावं लिहिली. शनिवारी रात्री वटहुकूम निघाला होता. पन्नास कोटींच्या वर ठेवी असलेल्या चौदा बँका सरकारच्या. समाजवाद्यांची ही जुनीच मागणी, त्यामुळे सरांचा चेहरा असा फुललेला, जणू किल्ल्या त्यांच्याच खिशात. शेतीला बँकांचं कर्ज त्या काळी एकूण कर्जाच्या जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास मिळायचं, हे त्यांनी तेव्हा सांगितलेलं. मला ते खरं वाटलं नव्हतं. पुढे बँकेत गेल्यावर वाटलं.

यादीत सिंडिकेट बँक होती. तिचा पिग्मीवाला आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी यायचा, आईकडून चार आणे घेऊन पुस्तकात लिहायचा. त्या बँकेचे संस्थापक पै आणि आपले नाथ पै, असा एकानं दुवा जुळवला: "सर, ते दोघं भाऊभाऊ काय?" सर मालवणीत शिरले. पुढचा अर्धा तास काही शिकता आलं नाही.

खरी गोष्ट पुढची. १० फेब्रुवारी १९७० ला सुप्रीम कोर्टानं तो बँकांचा कायदाच रद्द केला. अकरापैकी दहा न्यायाधीश विरोधात. भरपाई नीट नाही, आणि चौदांनाच वेगळं काढून धंद्याला मनाई करणं हा भेदभाव. अर्ज करणारे होते बँकांचे एक भागधारक, रुस्तम कूपर. सरकारनं चार दिवसांत नवा वटहुकूम काढला आणि नव्या कायद्यात भरपाईचा आकडा घातला: ८७ कोटी ४० लाख. पण सर त्या आकड्यावर थांबलेच नाहीत. ते मागे गेले, पंजाबात, जालंधरच्या गोलकनाथ बंधूंच्या पाचशे एकरांत.

हे प्रकरण त्यांनी आम्हाला असं शिकवलं की अजून पाठ आहे. कूळकायद्यानं माणशी तीस एकर ठेवायचे ठरवले, गोलकनाथ कोर्टात गेले. २७ फेब्रुवारी १९६७ ला सहा विरुद्ध पाच अशा मतांनी कोर्टानं सांगितलं की यापुढे संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, घटनादुरुस्ती करूनसुद्धा. मालमत्ता तेव्हा मूलभूत हक्कच होती. सर विचारायचे, "मग जमीन कसेल त्याची कशी होणार? बँक पिग्मी भरणाऱ्याची कशी होणार?" आणि याला उत्तर म्हणून त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाथ पैंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. गाभा एका ओळीचा: घटनेतली कोणतीही तरतूद, मूलभूत हक्कांसकट, घटनेत सांगितलेल्या पद्धतीनं संसदेला बदलता आली पाहिजे.

खासगी सदस्यांची विधेयकं लोकसभेत शुक्रवारी दुपारी येतात. म्हणून सरांनी आमच्या शुक्रवारच्या शेवटच्या तासाला संसद भरवली. एरवी हा तास खेळाचा. मैदानावरून ओरडा ऐकू येतोय आणि आम्ही आत 'अध्यक्ष महोदय' करतोय. अध्यक्ष होती वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी, हातात संगीताच्या वर्गातली झांज. नाथ पै झाला होता माझ्याच बाकावरचा मुलगा, काकाचा कोट घालून; बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मला विरोधात बसवलं. मी विरोध करण्यासारखा काही विचार केला होता असं नव्हे, सरांनी रोल नंबरनं वाटणी केली होती.

रात्री घरी घटनेची मराठी प्रत चाळत बसलो. शाळेच्या वाचनालयातली, पाठचं पान सुटलेली. मूलभूत हक्कांत मालमत्तेच्या कलमाच्या जरा आधी कलम ३० दिसलं. धर्मानं किंवा भाषेनं अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. मी वडिलांना विचारलं, अल्पसंख्य म्हणजे कोण? ते तंबाखू मळत म्हणाले, "आपण." तेव्हाच्या म्हैसूर राज्यात बेळगावचं मराठी माणूस म्हणजे तेच. घरात सगळे १९५६ पासून कुठल्या राज्यात असायला हवं होतं यावरच बोलायचे. ज्या राज्यात आहोत तिथे कोण आहोत, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

शुक्रवारी माझा नंबर आला. पाय लटपटत होते. म्हटलं, "अध्यक्ष महोदय, माननीय सदस्य म्हणतात संसदेला कुठलंही कलम बदलता यावं. उद्या संसदेनं कलम तीस काढलं तर ही शाळा कशावर उभी राहणार?" कोटवाला माझ्याकडे बघायला लागला, कारण हे त्याच्या कागदावर नव्हतं. झांज वाजायला हवी होती ती वाजली नाही. सर खिडकीशी उभे होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बस, मेल्या, खाली. ह्याचं उत्तर पुढच्या शुक्रवारी." मतदान झालं आणि विधेयक मोठ्या बहुमतानं मंजूर झालं. मैदानावर जायची घाई सगळ्यांनाच होती.

पुढचा शुक्रवार सहामाहीत गेला. त्यानंतरचा सुट्टीत. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा बरखास्त झाली आणि तीन वर्षं आठ महिने रखडलेलं नाथ पैंचं विधेयकही तिच्याबरोबर संपलं. स्वातंत्र्यापासून खासदारांची अशी खासगी विधेयकं कायदा झाली ती अवघी चौदा. त्यांचं त्यांत नाही.

१७ जानेवारी आला. १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचा दिवस. नाथ पै बेळगावात बोलले. सर गेले होते. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी भूगोलाची चाचणी होती. ती चाचणी झालीच नाही. सोमवारी बातमी आली की नाथ पै गेले, इथेच, हृदयविकारानं. वय ४८. सर वर्गात आले, हजेरी घेतली, एकेक नाव नेहमीपेक्षा सावकाश घेत. मग हजेरीपुस्तक मिटून खुर्चीत बसून राहिले. पिंजऱ्यातल्या पोपटाला बोलायला शिकवावं तसं आम्हाला 'अध्यक्ष महोदय' म्हणायला शिकवणारा माणूस एक शब्द बोलला नाही. शहापुरातल्या नाथ पै चौकातून जाताना आजही मला ती हजेरी ऐकू येते.

मी पुढे त्या चौदांपैकीच एका बँकेत लागलो. खानापूर तालुक्यातल्या शाखेत सोनेतारण आणि पीककर्ज यांत वर्षं गेली. जमिनीचा पहाणी उतारा कन्नडमध्ये, अर्ज इंग्रजीत, शेतकरी मराठीत, आणि मध्ये मी. राष्ट्रीयीकरणाबद्दल सर बरोबर होते, असं मी साक्षीदार म्हणून सांगतो. वसुलीच्या रजिस्टरात सगळं काही गोड नव्हतं, हेही सांगतो. विधेयकाबद्दल मात्र माझं मत सरांहून वेगळंच राहिलं. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीत असं घालण्यात आलं होतं की घटनादुरुस्तीवर कोर्टात प्रश्नच विचारता येणार नाही. ते शेवटी १९८० मध्ये कोर्टानंच काढलं. नाथ पैंचा संसदेवर विश्वास होता, कारण त्यांनी तिथे बसणारी माणसं स्वतःसारखी धरली होती. आणि आमची सीमा तरी? कलम ३ नुसार राज्यांची हद्द बदलण्याचा अधिकार संसदेचा, तोही साध्या बहुमतानं. तरी २००४ मध्ये महाराष्ट्र गेला तो सुप्रीम कोर्टात. आमच्या गल्लीत आता संसदेकडे कुणी बघत नाही, सगळे तारखेकडे बघतात.

पण एक सांगायचं राहिलं. नोव्हेंबर १९७१ मध्ये चोविसावी घटनादुरुस्ती झाली, म्हणजे नाथ पैंना हवं होतं तेच, त्यांच्यानंतर. मग केशवानंद भारतींचा खटला. त्यांचा मठ कासरगोडात, तोही असाच दोन राज्यांत ओढाताण चाललेला मुलूख. २४ एप्रिल १९७३ ला निकाल लागला: संसदेला कोणतंही कलम बदलता येईल, पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावता येणार नाही. मी तेव्हा बीकॉमला. दोनएक दिवसांनी सर मला खडेबाजारात भेटले, एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात घामानं ओला झालेला पेपर. मी वाकून नमस्कार केला. शाळा सोडून दोन वर्षं झाली होती, पण सरांनी माझी खुशाली विचारली नाही, जणू मधला शुक्रवार काल गेला होता.

"बॅरिस्टर जिंकले," म्हणाले. मेथीची जुडी पेपरात गुंडाळायला लागले, मग थांबले, पेपर बाजूला काढला आणि जुडी काखेत धरली. "तुझं कलम तीसही बहुतेक राहील. सात विरुद्ध सहा. काठावर पास झालास, मेल्या."